मागच्या सीटचा दिवस

आम्ही कपबशीत बसलो होतो. माणसं मावतील एवढी मोठी, प्लास्टिकची, निळ्या फुलांची कपबशी. आत गोल बाक आणि मधोमध एक चकती. चकती फिरवली की कप स्वतःभोवती गरगरतो, नाही फिरवली तर नुसता डुलत डुलत मोठ्या चक्राबरोबर जातो. आम्ही फिरवत नव्हतो. शेजारच्या कपातली पोरं किंचाळत होती, त्यांचा बाप घाम फुटेपर्यंत चकतीशी झटत होता, आणि आम्ही मायलेकी दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या हात मांडीवर ठेवून बसलो होतो. मला बरं वाटत होतं. पहिलीच राइड, रडणं नाही, पोटात दुखणं नाही, अजून काय पाहिजे. तेवढ्यात मुंगी माझ्याकडे न बघता, खाली बघत म्हणाली, "आई, तू परत ब्रेक दाबलास."

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय पुढे सरकला होता, टाच टेकलेली, चवडा कपाच्या तळाशी रुतलेला, पोटरी लाकडासारखी कडक. मी पाय मागे घेतला आणि हसले. हसण्यासारखंच होतं. मुंगी हसली नाही. तिनं आपले पाय बाकाखाली घेतले. पहिला कप, पहिला तास, आणि कुठेतरी काहीतरी खटकन बिनसलं. गाडीत असा आवाज आला तर मी गाडी बाजूला घ्यायला लावते. इथे बाजू कुठली? उतरल्यावर चहूकडे माणसंच माणसं होती, खांद्यावर पोरं, हातात फुगे, साखरेच्या पाकाचा वास, आणि प्रत्येक खांबावरून वेगळं गाणं.

पाय हा माझा पोटापाण्याचा अवयव आहे. मी गाडी शिकवते. शिकणारा माणूस स्टिअरिंगवर बसतो, मी शेजारी, आणि माझ्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो. माणसं माझ्याकडे घाबरलेलीच येतात. तळहात ओले, मान ताठ, आणि समोरून सायकल आली तरी डोळे मिटून घेणार. त्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, तुम्ही नुसती गाडी चालवा, काळजी करायला मी आहे. हे मी इतक्या थंड आवाजात सांगते की बऱ्याच जणांना ते खरं वाटतं. या धंद्यात एवढंच शिकायचं असतं, आवाज थंड ठेवायचा आणि पाय तयार ठेवायचा. आवाजात कधीच काही उमटू द्यायचं नाही. ट्रक अंगावर येत असला तरी "आता हळूच डावीकडे घ्या" हे असं म्हणायचं, जसं कुणी म्हणेल, जरा मीठ द्या इकडे. पायाला मात्र मी कधी काही शिकवलं नाही. तो त्याचं तो शिकला, आणि मग घरीही यायला लागला. नवऱ्यानं कपात काठोकाठ चहा ओतला की दाबतो. टीव्हीवर कुणी जिना उतरायला लागलं की दाबतो. नवरा औषधांच्या दुकानात असतो, दिवसभर लोकांची दुखणी ऐकून त्याला घरी विनोद करायची हुक्की येते. तो म्हणतो, "या घराचा वेग आधीच बेताचा आहे, अजून किती ब्रेक दाबशील?" आम्ही हसतो. मुंगी टेबलाखाली बघत असते, असं आता आठवतं. तेव्हा वाटायचं, पोरीचं काहीतरी सांडलं असेल.

तर इथे येण्याचं कारण सांगायला हवं, नाहीतर असल्या गर्दीत सुट्टीच्या दिवशी पाय ठेवणाऱ्यातली मी नव्हे. येत्या शुक्रवारी शाळेची सहल आहे, ती इथेच. गेल्या वर्षीच्या सहलीला बस शाळेच्या फाटकातून निघाली आणि पहिल्याच वळणावर मुंगीनं उलटी केली, मग रडली, मग तिला श्वास लागला. बस परत फिरवावी लागली. मी अजून फाटकाशीच होते; अख्खा वर्ग खिडक्यांतून बघत असताना मी तिला हात धरून खाली उतरवलं. तेव्हापासून वर्गात तिचं नाव 'रिव्हर्स' पडलं आहे. पोरांना नावं बरोबर सुचतात, मेल्यांना. यंदा बाईंनी मला फोन केला, अगदी गोड आवाजात, माझ्या धंद्यात चालला असता असल्या आवाजात, की तुम्हीच काय ते ठरवा, पण या वेळी बस परत फिरवता येणार नाही. मी म्हणणारच होते की तिला घरी ठेवते. पण यंदा मुंगीला जायचं होतं. वर्गात एक नवी मुलगी आली आहे, घंटीसारखी हसते म्हणून घंटीच म्हणतात तिला, आणि तिनं मुंगीला सांगितलंय, अजगरावर, म्हणजे इथल्या चढउताराच्या झुकझुकगाडीवर, मी तुझ्याशेजारी बसणार. मुंगीनं हे मला भात कालवता कालवता सांगितलं, माझ्याकडे न बघता, कुणीतरी काढून घेईल अशा धास्तीनं. माझ्या पोरीला आजवर कुणी म्हटलं नव्हतं की मी तुझ्याशेजारी बसणार. 

म्हणून ठरलं की आधी आम्ही दोघींनी जाऊन यायचं. अजगरावर एकदा बसून बघायचं. जमलं तर सोमवारी बाईंना हो कळवायचं, नाही जमलं तर नाही. मग मुंगीनं रडायचं नाही आणि मी बोलायचं नाही. आमच्या घरात सगळ्याची तालीम होते. केस कापायला जायचं तरी आधी नवरा टॉवेल बांधून कात्री वाजवतो. अजगराची तालीम आठवडाभर चालली. जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक लावल्या, नवऱ्यानं शिट्टी मारली, मी पोळपाटाचं लाटणं मांडीवर अडकवायचा दांडा म्हणून आडवं धरलं. आधी चढण, कटकट कटकट असा आवाज येईल, तो साखळीचा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखं होईल. मग उतार, मग डावं वळण, मग बोगदा, मग संपलं. खुर्च्यांचा इतका धडधडाट झाला की शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, घर बदलताय का. मुंगी प्रत्येक वेळी विचारायची, मग? मग काय होणार? मी सांगायची. मला वाटलं होतं, सगळं सांगून झालं की भीतीला जागा उरणार नाही. शिकवणाऱ्यांची ही खोडच असते.

अजगराची रांग पत्र्याखाली होती, लोखंडी नळ्यांमधून नागमोडी जाणारी. वरून अजगर गेला की सगळा पत्रा थरथरायचा आणि रांगेतली पोरं ओरडायची. मुंगी माझ्या पुढे उभी होती. तिच्या मानेवरची लव घामानं चिकटली होती. ती विचारत राहिली. दांडा कोण लावतं? नीट लागला की नाही ते कोण बघतं? वीज गेली तर? बोगद्यात थांबला तर? मी उत्तरं देत राहिले, आवाज थंड, मीठ द्या इकडे. मागे एक गृहस्थ पोराला खांद्यावर घेऊन उभे होते, त्या पोराचे बूट माझ्या पाठीला लागत होते. रांग एक पाऊल सरकायची, थांबायची. मला माझ्या शिकणाऱ्या एक मावशी आठवत होत्या. शिवणकाम करायच्या, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. यजमानांना दिसेनासं झालं म्हणून उतारवयात गाडी शिकायला आल्या. रोज घामानं स्टिअरिंग ओलं करायच्या, रोज चौकात गाडी बंद पाडायच्या. लायसन्स कसंबसं हातात आलं. मग मी त्यांचा मागच्या सीटचा दिवस केला. ही माझी स्वतःची पद्धत, ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना पसंत नाही, पण शेवटच्या दिवशी, लायसन्स मिळाल्यावर, मी शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसते. ब्रेक पुढे राहतो, मी मागे. म्हणजे माणसाला कळतं की आता गाडी आपली. त्या दिवशी मावशींनी लोण्यातून सुरी न्यावी तशी बाजारातून गाडी नेली. उतरल्यावर म्हणाल्या, "तुम्ही शेजारी तयारीत बसलेल्या दिसलात ना, की मला वाटायचं, आता नक्की काहीतरी होणार." हे मी घरी जेवताना सांगितलं, आम्ही दोघं पोट धरून हसलो. मुंगीनं विचारलं होतं, मग त्यांना भीती नाही वाटली? मी म्हटलं, वाटली असेल, पण त्यांची त्यांची. आणि पाणी वाढायला उठले.

आमचा नंबर आला. पिवळ्या टोपीतल्या मुलीनं फाटक उघडलं, अजगराचे हिरवे डबे समोर उभे राहिले, आतलं रेक्झिन उन्हानं तडकलेलं. मी आधी बसले, हात पुढे केला, ये. मुंगीनं एक पाय आत टाकला. मग तिनं खाली पाहिलं, डब्याच्या तळाकडे, आणि जागच्या जागी थिजली. मी म्हटलं, काही नाही, बस. ती बसेना. मी म्हटलं, हळूच, काही नाही. तिचे ओठ पांढरे पडले, श्वास वरच्या वर लागला, तो आवाज मला बसमधल्या दिवसापासून पाठ आहे. मागच्या गृहस्थांनी खांद्यावरचं पोर सावरत म्हटलं की एवढी भित्री असेल तर आणायचं कशाला, सगळ्यांचा खोळंबा. त्यांना सांगण्यासारखं माझ्या तोंडात बरंच काही होतं आणि तशी मी ऐकून घेणारी नाही. पण मुंगी माझा दंड धरून होती. पिवळ्या टोपीनं पलीकडचं छोटं फाटक उघडलं. आम्ही बाहेर पडलो. मागे शिट्टी झाली, अजगर आमच्याशिवाय गेला.

एका बाकावर बसलो. मी पाण्याची बाटली दिली, पाठीवरून हात फिरवला, श्वास खाली बसला. ऊन अंगावर येत होतं. माझ्या डोक्यात सोमवार सुरू झाला होता, बाईंचा गोड आवाज, बरं झालं तुम्ही आधीच कळवलंत. शुक्रवारी घंटी कुणाशेजारी बसेल? पोरं पटकन दुसरं कुणी शोधतात, त्यात त्यांचा दोष नसतो. मी मुंगीला म्हटलं, जाऊ दे, आपण आइस्क्रीम खाऊ, काही बिघडलं नाही. आणि मुंगी म्हणाली, "तू तोंडानं म्हणतेस काही नाही. तुझा पाय दाबत असतो."

मला राग आला. मला आधी रागच येतो, बाकीचं नंतर. मी म्हटलं, पायाचं काय घेऊन बसलीस, ती सवय आहे, धंद्याची. ती म्हणाली, माहीत आहे. मग तिनं सांगायला सुरुवात केली, भाजी आणायला पाठवल्यावर काय काय आणलं ते सांगते तशी, एकेक करून. गाडीत ती मागे बसते तेव्हा तिला रस्ता दिसत नाही, माझा पाय दिसतो. पाय हलला की समोर काहीतरी आहे. दाताच्या डॉक्टरांकडे मी म्हटलं होतं, अजिबात दुखणार नाही, आणि पाय दाबला होता, दुखलं. बाईंचा फोन आला तेव्हा मी छान, छान म्हणत होते आणि पाय दाबला होता. सहलीच्या बसशी मी हात हलवत उभी होते, तेव्हाही. आता डब्यात बसल्या बसल्या, अजगर हललाही नव्हता, तेव्हाही. "मी आधी तुझा पाय बघते," ती म्हणाली, "मग मला कळतं."

 समोरून फुगेवाला गेला, एक आई दोन पोरांना एकाच हाताने ओढत गेली. मला हॉस्पिटलचा तो पॅसेज दिसत होता, भिंतीला लावलेले खुर्च्यांचे सांगाडे, वरची फडफडणारी ट्यूब. आत माझे वडील होते. मुंगी तेव्हा केवढीशी होती, माझ्या शेजारी लोंबत्या पायांनी बसलेली. तिनं विचारलं, आजोबा कधी उठणार? मी म्हटलं, झोपलेत, सकाळी उठतील. डॉक्टर अजून बाहेर आले नव्हते, मलाही काही माहीत नव्हतं, निदान मी तसं धरून चालले होते. मुंगीनं खाली पाहिलं आणि मोठ्यानं रडायला लागली. मी पर्समधून बिस्कीट काढून तिच्या हातात दिलं. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, भूक लागली असेल. ते बिस्कीट तिनं हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही, पार चुरा झाला. आजोबा उठणार नाहीत हे माझ्या आधी तिला कळलं होतं. मी कळवलं होतं. इतकी वर्षं मी समजत होते की पोर माझ्या आवाजावर वाढतेय, आणि ती बिचारी माझ्या पायावर वाढत होती. मला तिथे बाकावर बसून ढसाढसा रडावंसं वाटलं. रडले नाही. पाय तेवढा पाहिला. तो पुढे गेलाच होता, सँडलखाली खडी दबलेली. मी तो मागे ओढला, दुसऱ्या पायानं अडकवून ठेवला. मुंगी ते बघत होती. तिला माझी दया आली असावी, कारण तिनं उरलेलं पाणी माझ्यापुढे केलं.

मी म्हटलं, मी बाहेर उभी राहते, तू एकटी जातेस का? तिनं मान हलवली, नको. एकटीनं जायचं नव्हतं. मी म्हटलं, मी मांडी घालून बसते, पाय वर. ती म्हणाली, ते बसू देणार नाहीत, दांडा लागणार नाही.  डोक्यावरून अजगर गेला, आला, परत गेला. मग ती बुटाच्या टोकानं खडी उकरत म्हणाली, "आई, मागच्या सीटचा दिवस करायचा?"

शिकणाऱ्यांचा तो दिवस मी ठरवते. आधी कितीतरी दिवस मनात घोळवते, झालाय का तयार, चौक जमतो का, घाटात काय करेल, आणि मग एके सकाळी सहज म्हटल्यासारखं म्हणते, आज मी मागे बसते. त्यांच्या तोंडचं पाणी पळतं आणि मला मनातून गंमत वाटते. स्वतःच्या पोरीचा असा दिवस असेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आणि तो ती ठरवेल हे तर नव्हतंच. मला म्हणायचं होतं, अजून नाही, अजून थोडे दिवस. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते. मी म्हटलं, चल. आवाज थंड निघाला नाही, जरा फाटलाच. मुंगीनं माझ्या पायाकडे नाही, तोंडाकडे पाहिलं, आणि उठली.

रांग आता आणखी वाढली होती. या खेपेला तिनं काहीच विचारलं नाही. मला मात्र विचारावंसं वाटत होतं, दांडा नीट बघशील ना, डोकं मागे टेकशील ना. मी दात आवळून उभी राहिले. वर पत्रा थरथरला तेव्हा तिनं माझं बोट धरलं, मग आपणहून सोडलं. आत जाताना भिंतीवर एक जिराफ रंगवला होता. त्याच्या खांद्याच्या वर डोकं गेलं तर मुलाला एकट्यानं बसू देतात. मुंगीनं पाठ टेकवली. डोकं खांद्याच्या किंचित वर गेलं. मला वाटत होतं की जाणार नाही. पिवळ्या टोपीनं आम्हाला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही, चांगल्या घरची पोर दिसली. तिनं मुंगीला विचारलं, एकटीच बसणार का. मुंगी म्हणाली, "एकटी नाही. आई मागे आहे."

ती पुढे चालत गेली आणि अजगराच्या तोंडामागच्या डब्यात बसली. मी अगदी शेवटच्या डब्यात, शेपटीशी. माझ्या शेजारी कुणी नव्हतं. दांडा मांडीवर आला. मधे कितीतरी डोकी, टोप्या, हात हलवणारे बाप, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे तिची वेणी आणि मानेचा एवढासा तुकडा. तिचा चेहरा दिसत नव्हता. पांढरा पडलाय की काय, ओठ थरथरतायत की काय, काही कळायला मार्ग नव्हता. मागच्या सीटवरून शिकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, हे मला आजवर कधी जाणवलं नव्हतं. तिथे मी बाहेरची दुकानं बघत बसायची.

शिट्टी झाली. कटकट कटकट, साखळी लागली. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मीच सांगितलं होतं. अजगर चढत गेला, खाली रांग, बाक, कपबशा लहान लहान होत गेल्या, गाणी एकमेकांत मिसळली. माथा आला. क्षणभर थांबल्यासारखं झालं, तेही मीच सांगितलं होतं. मला खात्री होती की इथे ती मागे वळून बघेल. मी चेहरा तयार ठेवला होता, हसरा, काही नाही म्हणणारा. वळली नाही. तिनं डोकं मागे टेकवलं, आणि तिचा डबा काठावरून खाली गेला.

मग मी दोन्ही पाय पुढे घेतले आणि जीव खाऊन ब्रेक दाबला. डब्याच्या तळाचा पत्रा वाजला, गुडघे दांड्याला आपटले, वडील, ती बस, दाताचा डॉक्टर, सोमवार, सगळं पायाखाली घेऊन मी दाबत राहिले. अजगर थांबला नाही. तो तोंड खाली करून सुटला, माझा डबा त्याच्यामागे ओढला गेला, आणि पुढून एक किंचाळी आली. ती मुंगीची होती, एवढ्या किंचाळ्यांतही मला ती ओळखू आली. भीतीची होती की मजेची, मागून कळत नव्हतं. तिची तिची होती. मी पाय तसेच दाबून धरले होते; बघायला कुणी नव्हतं.